सम शोधणारे काका

नवा रायपूर शहरात एका हौशी मंडळाने अमेरिकन जॅझ गायिकेची जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकवली. प्रत्येक गाण्याआधी संयोजकाचं भाषण व्हायचं, गाण्याहून लांब. आम्ही जाणकारांसारखे डोळे मिटून बसलो होतो. शेजारचे अनोळखी काका मात्र मांडीवर ताल धरून सम शोधत होते. दर वेळी त्यांची थाप पडायची आणि बाई भलतीकडेच निघून गेलेली असायची.

"बाई चुकतेय का हो?" मी हळूच विचारलं.

"नाही जी, मीच चुकून राहिलो."

शेवटच्या गाण्यात थाप आणि बाई एकदम उतरल्या. काका ओरडले, "सापडली!"

"कृपया शांतता!" संयोजक म्हणाला.

"काहून, भैया? तासभर शोधून राहिलो ना!"

आमचं कोणाचंच काही हरवलं नव्हतं, म्हणून आम्ही शांत बसलो.