बदामाला पालेभाजीचं उत्तर

पालेभाजी शिजली की मूठभर होते. आमच्या मुरुमच्या तालमीच्या किश्शांचं उलटं! एक चुलीवर ठेवला की पातेलं भरून वर येतो. आज मोजकेच सांगतो, नाहीतर जेवणं राहतील.

*

निजामाचं राज्य, तिकडं महायुद्ध चाललेलं. धान्य सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत जायचं, दूध परवडत नव्हतं. शेजारगावच्या जमीनदाराच्या तालमीत मात्र बदाम घोटले जायचे! आमचे वस्ताद चाँदभाई तोंडाचे तिखट. भर बाजारात बोलून बसले, "बदाम तुमको मुबारक! आमचे पठ्ठे पालेभाजीवर लढतील. जत्रंत हरलो, तर तालमीला कुलूप!"

झालं! तालीम गेल्यावर आम्ही जायचं कुठं?

*

मग आम्हा तिघा पठ्ठ्यांवर परीक्षा सुरू. कोणत्या भाजीत जास्त जोर? इस्माईलला मेथी, धोंडिबाला अंबाडी, मला चाकवत. थोड्याच दिवसांत इस्माईल बैठकांत आम्हा दोघांना मागं टाकायला लागला. वस्ताद खूश! "मेथी एक नंबर!"

"व्हय वस्ताद," इस्माईल म्हणाला, "अम्मी तिच्यात मूगडाळ लई घालती."

वस्तादांनी कपाळावर हात मारला. पण तेव्हापासून सगळ्यांच्याच भाजीत डाळ पडायला लागली.

*

वस्तादांनी गावातल्या हकीमसाहेबांना विचारलं, "मेथी भारी का तांदुळजा?"

"जी ताजी असंल ती."

"अन् दोन्ही ताज्या असल्या तर?"

"तर एक जुडी माझ्या घरी पाठवा!"

*

एकदा वस्तादांची शेळी तालमीत शिरली. मेथी, चाकवत, तांदुळजा, राजगिरा, सगळ्या जुड्या फस्त! धोंडिबा आमच्यातला सगळ्यात दांडगा. तो तिला हाकलायला गेला, तर तिनं अशी धडक दिली की गडी थेट हौद्यातल्या मातीत!

आम्ही हसून लोळलो. वस्ताद मात्र गंभीर. "बघा! एका भाजीवर भागत न्हाय. सगळ्या पायजेत."

"मग वस्ताद, जत्रंत हिलाच उतरवू!" मी म्हणालो. त्या दिवशी मला जास्तीचे जोर मारावे लागले.

*

जत्रेला धोंडिबा उतरणार होता. त्याचं एका भाजीशी हाडवैर, शेपूशी! वास आला तरी ताटावरून उठायचा. वस्ताद म्हणाले, "वासालाच एवढा जोर, तर भाजीला किती असंल!" जत्रेआधी रोज तीच चारली. बिचाऱ्यानं नाक दाबून खाल्ली.

समोर जमीनदाराचा बदामवाला पैलवान उभा, मानच मांडीएवढी. त्यानं धोंडिबाला खाली घेतला. पाठ मातीला टेकायला बोटभर राहिलं. जमीनदार हसायला लागला. इस्माईलनं डोळे मिटले. मला तर रडूच फुटलं, आपली तालीम गेली म्हणून.

चाँदभाई कडेला गुडघ्यावर बसून ओरडले, "धोंड्याऽ! तालीम बंद झाली तरी तुझ्या घरी यीन, अन् दोन्ही येळंला शेपू चारीन!"

काय झालं कळलंच नाही. गडी उसळला अन् बदामवाला चीत! हलगी कडाडली. आम्ही वस्तादांना खांद्यावर घेतलं. जमीनदार स्वतः उठून आला.

"चाँदभाई, खरं सांगा, कोणत्या भाजीचा जोर?"

वस्तादांनी मिशीला पीळ दिला.

"शेपू!"