चौथा पंचनामा

माझं अक्षर चांगलं होतं, तेच मला नडलं. ठाण्याच्या खाडीत पहिलं पोतं सापडलं तेव्हा हवालदार थेट माझ्या वर्गात आले आणि पोरांसमोर म्हणाले, "मास्तर, चला. पंच व्हा, आणि पंचनामाही तुम्हीच लिहा. माझं लिहिलेलं साहेबांना वाचता येत नाही." दुसरा पंच बाळकुमचा एक कोळी. तिवरांच्या चिखलातून पोतं ओढून आणायला होडी त्याचीच होती.

पोतं उसवलं. आत गुडघे छातीशी बांधलेला पुरुष. कवटी मागून फुटलेली, ओठ खेकड्यांनी खाल्लेले. मी तिथंच ओकलो. कोळ्यानं ओल्या पंजानं माझं तोंड पाण्याकडे वळवलं. "तिकरं बगा, मास्तर. मी बगून सांगतंय, तुमी लिवा." तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. शेवटी मी सही केली आणि त्यानं शेजारी अंगठा उमटवला. त्याच्या बोटांचा चिखल माझ्या गालावर राहिला होता. घरी जाईपर्यंत मी तो पुसला नाही.

मेलेला विठ्ठलवाडीकडच्या निर्वासितांच्या छावणीतला निघाला. दीड महिन्यानं सापडलेला दुसराही तिथलाच. एकटीदुकटी, लांबून आलेली माणसं. कोण शोधणार त्यांना? त्या वेळी कोळ्यानं माझ्यासाठी लिंबू आणलं होतं, वास सहन व्हावा म्हणून नाकाशी धरायला. परतताना त्यानं डबा उघडला. मी जन्मात मासळी खाल्ली नव्हती. "बाटाल हां, मास्तर," तो हसून म्हणाला. बाटलो तर बाटलो, म्हटलं, आणि त्याच्या हातचा बोंबील खाल्ला. होडीच्या दुसऱ्या टोकाला मुडदा होता. इतकं चवीचं मी त्याआधी कधी जेवलो नव्हतो.

पुढचे दिवस सरता सरेनात. बाळकुमला सहज जावं, तर काय सांगून जाणार? मास्तरचं कोळ्याकडे काय काम? आमचं काम म्हणजे मुडदा. एका सकाळी मी देवापुढे हात जोडून उभा होतो. आपण नेमकं काय मागतोय ते ध्यानात आलं, तरी जोडलेले हात मी सोडले नाहीत.

देवानं ऐकलं. तिसरं पोतं आलं.

या खेपेला मी तोंड फिरवलं नाही. पोत्याचं तोंड दुहेरी टाक्यानं शिवलेलं, दर चौथ्या टाक्याला एक आडवी गाठ. हा टाका मी दर आठवड्याला बघत होतो. आमच्या रेशनच्या दुकानातला मापाडी रिकामी पोती अशीच शिवायचा. कवटीतला खड्डाही गोल, त्याच्या तराजूच्या मोठ्या वजनाच्या बुडाएवढा. हवालदार माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. मी फक्त 'पोते शिवलेले' एवढंच लिहिलं. उगाच कुणा गरिबावर आळ कशाला, अशी स्वतःची समजूत घातली. सगळं थोतांड. मापाडी सापडला की पोती थांबणार, आणि पोती थांबली की कोळी परत भेटणार नाही, हे मला लख्ख कळत होतं.

चौथं पोतं अकराव्या दिवशी आलं. हा अजून फुगलाही नव्हता. गळ्यातली सुतळी मांसात रुतली होती. नखं तुटलेली, आणि पोतं आतून ओरबाडलेलं. त्याला जिवंतच शिवला होता. खिशात लहान मुलाचा लाकडी खुळखुळा. 'खुळखुळा, लाल, नग एक' असं मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं.

हवालदार डोली आणायला गेले तेव्हा मी कोळ्याला म्हणालो, "मी ओळखलं होतं रे. गेल्या खेपेलाच. रेशनचा मापाडी. बोललो असतो तर हा जगला असता."

त्यानं पाण्याकडे बोट केलं. मग म्हणाला, "मना दुसऱ्या पोत्यालाच कललं व्हतं. भरतीचा पानी कुटनं काय उचलतो नि कुटं टाकतो, ते मना नाय कलनार? पोती त्या दुकानामागच्या पायऱ्यांवरनं येतान."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी का नाय बोललात?"

याहून स्पष्ट मला आयुष्यात कुणी काही सांगितलेलं नाही. मला आनंद झाला. लिहायची लाज वाटते, पण झाला. तो मेलेला माणूस आमच्या पायांशी पडला होता.

त्याच दुपारी हवालदारांना घेऊन आम्ही दुकानात गेलो. मापाडी पोतंच शिवत होता. मला बघताच दाभण घेऊन माझ्या पोटावर धावला. कोळ्यानं मध्ये पंजा घातला. दाभण आरपार गेला. त्याच रक्ताळलेल्या हातानं त्यानं मापाड्याचं तोंड तराजूवर आपटलं, परत परत, दात फरशीवर सांडेपर्यंत. हवालदारांनी ओढलं नसतं तर मला पाचवा पंचनामा लिहावा लागला असता.

छावणीतल्यांची रेशनकार्डं लुबाडायला मापाडी त्यांना मारत होता, असं कोर्टात निघालं. वकिलांनी मला विचारलं, "टाका केव्हा ओळखलात?" मी शपथेवर सांगितलं, "चौथ्या वेळी." माझ्यामागून तो उभा राहिला, हाताला पट्टी बांधलेला. पोती कुठून येतात ते केव्हा कळलं, असं त्याला विचारलं. तोही म्हणाला, "चवथ्या येलेला." आमचं आधी काहीच ठरलं नव्हतं. लग्नात माणसं चारचौघांसमोर एकमेकांना वचन देतात. आमच्या वाट्याला ही एकच शपथ आली, आणि ती खोटी होती.

बाहेर चौथ्याची बायको मूल कडेवर घेऊन उभी होती. ती पुढे आली आणि तिनं वाकून आधी माझ्या, मग त्याच्या पायांना हात लावला. "आप दोनों बोले," ती म्हणाली, "नहीं तो और मरते."

त्यानंतर मी बाळकुमला कधी गेलो नाही. तोही कधी आला नाही.