रात्री काय पांघरलंत?

तीन वर्षांमागच्या संक्रांतीला, भर दुपारी, लखनौच्या सरोजिनी नगरातल्या मैदानावर, माइकवरून मॉरिशसदीदीचा अपमान झाला. तो करणारा आमच्याच युवक सेवा क्लबचा अध्यक्ष होता. मी तिथे होते. हे झाकून ठेवायचं मला काहीच कारण दिसत नाही, म्हणून लिहिते आहे.

मॉरिशसदीदी मॉरिशसहून लखनौला कथक शिकायला आली होती. तिच्या बेटावर असली थंडी नसतेच. त्यामुळे इथला जानेवारी म्हणजे कुणीतरी खास तिच्याविरुद्ध रचलेलं कारस्थान आहे, असं तिला वाटे. अंगात दोन स्वेटर, वर जुन्या बाजारातून घेतलेला गुडघ्यापर्यंतचा पुरुषी कोट, डोक्याला माकडटोपी आणि खांद्याला घुंगरांची पिशवी. या अवतारात ती सायकलरिक्षातून उतरे आणि रिक्षावाल्याला विचारी, "भैया, रात में क्या ओढ़ते हो?" नमस्कार नाही, कसे आहात नाही, कुणालाही पहिला प्रश्न हाच, रात्री काय पांघरता.

ती आमच्या क्लबातही यायला लागली होती. तिथली पोरं टर उडवायची. "हम तो रज़ाई ओढ़ते हैं दीदी, आप क्या, पूरी दुकान?" ती मोकळेपणाने हसे. पण रिक्षावाल्याचं उत्तर ऐकल्याशिवाय जागची हलत नसे.

ती मॉरिशसमधल्या मराठी घरातली, पण तिची मराठी पाठ्यपुस्तकातली होती. "मला अतिशय थंडी वाजत आहे," असं ती दात वाजवत म्हणायची. मी बँकवाल्यांच्या घरातली. आईबाबा अकोल्याचे, पण माझा जन्म लखनौचा. मराठी समजायची, उत्तर हिंदीत जायचं. एकदा मी "ठीक है दीदी" म्हणाले तर तिने मला थांबवलं. "माझे पणजोबा बोटीतून गेले. उसाच्या मळ्यात राबले. तरी भाषा सांडली नाही. तुझे बाबा तर रेल्वेने आले, बसायला जागासुद्धा मिळाली असेल! तू कुठे सांडलीस?" त्या दिवसापासून मी तिच्याशी मराठीत बोलू लागले. हे लिहिते आहे तेही तिच्यामुळेच.

जानकीपुरमच्या आमच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, तेव्हा मी तिला घेऊन गेले. आईने तिच्या हातात तिळगूळ ठेवला आणि वाण म्हणून स्टीलची वाटी दिली. दीदी वाटी उलटसुलट करून पाहत म्हणाली, "काकू, ही परत कधी आणून देऊ?"

"अगं वेडे, वाण कुणी परत घेतं का? दिलं की ते तुझं."

"आणि बदल्यात?"

"काही नाही. घरी जा आणि वाटीत काहीतरी खा."

दीदीने ती वाटी कोटाच्या खिशात ठेवली आणि वाटभर खिशावरून हात फिरवत राहिली.

पुढच्या संक्रांतीला क्लबचा 'कंबल वितरण समारोह' होता. पत्रक मीच लिहिलं होतं. मुख्य अतिथी दिल्लीहून विमानाने येणार, म्हणून मैदान विमानतळाजवळचं. लोकांना मात्र सकाळी सातलाच बोलावून ठेवलेलं. धुकं असं की मंचावरून रांग दिसत नव्हती, नुसतं खोकणं ऐकू येत होतं. धुक्याने विमान दिल्लीतच अडकलं. ब्लँकेटांचे गठ्ठे मंचामागे, माणसं ओल्या गवतावर.

दीदी रांगेतून फिरत होती. एका म्हातारीपाशी वाकून तिने नेहमीचं विचारलं, "अम्मा, रात में क्या ओढ़ा?"

"बोरा, बिटिया."

बोरा म्हणजे गोणपाट. दीदी सरळ उठली आणि गठ्ठ्यांकडे निघाली. अध्यक्ष आडवा आला. "अरे दीदी, चीफ़ गेस्ट के हाथ से बँटना है!"

"उनके हाथ दिल्ली में हैं," ती म्हणाली आणि सुतळी सोडायला लागली. मी दुसरा गठ्ठा सोडला. थोड्याच वेळात रांगेतलं खोकणं कमी झालं, बोलणं ऐकू यायला लागलं.

मुख्य अतिथी आले ते दुपारी, चांगलं ऊन पडल्यावर. अध्यक्षाने कार्यकर्त्यांना हुकूम सोडला, "सबसे वापस लो, फोटो के बाद फिर दे देंगे।" पोरं खरंच रांगेत शिरली! एकाने त्या म्हातारीच्या खांद्यावरचं ब्लँकेट ओढलं. तिने ते दोन्ही मुठींनी धरून ठेवलं. दीदी मध्ये जाऊन उभी राहिली आणि घाईत चक्क मराठीत ओरडली, "वाण परत घेत नाहीत! काकूंनी सांगितलंय!" त्या पोराला शब्द कळला नाही, पण चेहरा कळला असावा. त्याने हात सोडला. बाकीचेही थांबले.

फोटो झाला नाही. मग अध्यक्ष माइकवर आला. "दीदी को क्लब से निकाला जाता है। विदेशी लोग क्या जानें हमारी संस्कृति!"

संस्कृती! ती तर ब्लँकेटाच्या दुसऱ्या टोकाला, म्हातारीच्या मुठीत होती. मी तिथेच राजीनामा दिला. दीदी मात्र रिक्षात बसेपर्यंत एवढंच विचारत होती, "त्या आजींचं कुणी ओढून नेणार नाही ना?"

परीक्षा झाल्यावर ऐन मे महिन्यात ती परत गेली. चारबाग स्टेशनवर मी तिचं सामान डब्यात चढवलं, तर कोट कुठे दिसेना.

"दीदी, कोट?"

"दिला."

"कुणाला?"

"वाण दिल्यावर गावभर सांगायचं असतं का गं?" म्हणाली आणि खिडकीतून तीच स्टीलची वाटी दाखवली. त्यात आईने दिलेले लाडू होते. गाडी हलली तेव्हा ती लाडू खात होती आणि रडतही होती.

आता तुम्ही. होय, वाचणारे तुम्हीच. तुमचं मंडळ, तुमची युनियन, तुमचा क्लब यंदा ब्लँकेटं वाटणार असेल, तर आधी फोटोवाल्याला नको म्हणून सांगा. मुख्य अतिथींना कळवा, तुमची गरज नाही. ब्लँकेटं आली त्याच संध्याकाळी बाहेर पडा, भेटेल त्याला विचारा, "रात्री काय पांघरलंत?" आणि उत्तर ऐकल्यावर घड्याळ पाहू नका. सुतळी सोडा.