चाळीस डॉलरची बॅग

आर्डिस ट्वेटनने मूरहेडच्या शाळेत उभी हयात पोरांना जेवू घातलं. शंभर पोरांचं जेवण वेळेवर वाढणाऱ्या या बाईला निवृत्तीनंतर एकाच गोष्टीने जेरीस आणलं होतं. ती गोष्ट म्हणजे नवऱ्याचं क्रेडिट कार्ड.

वर्लिन बीटाच्या साखर कारखान्यात होता. निवृत्तीच्या सुमारास कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं, की भारीतलं कार्ड घेतलं तर विमानप्रवास जवळजवळ फुकटात पडतो. त्याने घेतलं. कार्डाची वर्षाची फी ऐकून आर्डिसला धस्स झालं. वर्लिन म्हणाला, विमान कंपनीकडे भरलेले दोनशे डॉलर बँक दर वर्षी परत करते, तू काळजी करू नकोस.

बँक परत करायची, पण स्वतःच्या अटींवर. तिकिटाचे पैसे त्यात धरायचे नाहीत. फक्त वरखर्च: सामानाचं भाडं, पुढच्या सीटचे जादा पैसे, विमानातलं खाणं. त्यातही कंपनी एकच, आणि ती जानेवारीतच निवडायची. डिसेंबर संपला की उरलेले पैसे बुडाले. पहिल्या वर्षी वर्लिनने तिकीट काढलं आणि छदामही परत आला नाही. दुसऱ्या वर्षी त्याने निवडलेल्या कंपनीने त्यांच्या जवळच्या फार्गो विमानतळावरची सेवाच बंद केली. तेव्हापासून हा माणूस इरेला पेटला. पुढे विमानात बसलं, की भूक असो नसो, तो चीजचा डबा मागवायचा आणि अर्धा आर्डिसच्या पुढ्यात सरकवायचा. "खा, फुकट आहे," म्हणायचा. ती खिडकीबाहेर बघायची.

मग एका वर्षी आर्डिसची थोरली बहीण लव्हॉन फिनिक्समध्ये पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. नाताळाला तिला घरी येता येणार नव्हतं. फोनवर तिने एकच मागितलं: लेफ्से. उकडलेल्या बटाट्याची, आरपार दिसेल इतकी पातळ पोळी. त्यांची आई करायची तशी. "इथे दुकानात मिळते ती चामड्यासारखी असते गं," लव्हॉन म्हणाली.

आर्डिसच्या बोटांचे सांधे थंडीत सुजतात. तरी तिने दोन दिवस बसून पोळ्या लाटल्या, लांब पट्टीने उचलून तव्यावर टाकल्या, गार केल्या, कापडात गुंडाळून डब्यात रचल्या. डबा मांडीवर घेऊन फिनिक्सला जायचं असं तिने ठरवलं होतं.

निघायच्या सकाळी वर्लिनने माळ्यावरून मोठी बॅग काढली.

"ती कशाला? आपले कपडे छोट्या बॅगांत मावलेत."

"बँकेकडून यायचे चाळीस डॉलर उरलेत," वर्लिन म्हणाला. "एका बॅगेचं भाडं बरोबर तेवढंच आहे. आठवड्यात वर्ष संपतंय, आर्डिस."

"म्हणजे रिकामी बॅग विमानात चढवायची?"

"रिकामी कशाला? तुझा डबा ठेव की त्यात. मांडीवर घेऊन कुठे बसतेस?"

ती नको म्हणाली. तो म्हणाला, सामान विमानाच्या पोटात थंडीत राहतं, पोळ्या उलट ताज्या राहतील. बाहेर गाडी सुरू होती, रस्त्यावर बर्फ होतं, उशीर होत होता. वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिने डबा दिला, आणि तेवढ्याचा तिला पुढे जन्मभर राग येत राहिला.

फिनिक्सला पट्टा फिरत राहिला, माणसं सामान उचलून गेली, पट्टा थांबला. त्यांची बॅग आली नाही. खिडकीवरच्या मुलीने सांगितलं, मिनियापोलिसला विमान बदलताना बॅग चुकीच्या विमानात चढली, उद्या येईल. ती उद्याही आली नाही. नाताळच्या जेवणाला लव्हॉन चाकाच्या खुर्चीत बसून म्हणाली, असू दे गं, तू आलीस ना. आर्डिसला ते जास्तच लागलं.

बॅग चौथ्या दिवशी आली. कुठल्या कुठल्या विमानतळांवर उन्हात पडली होती देव जाणे. डबा उघडल्यावर आंबूस वास आला. पोळ्यांवर हिरवी बुरशी चढली होती. आर्डिसने डबा तसाच कचऱ्यात रिकामा केला. लव्हॉनच्या स्वयंपाकघरात तिने पुन्हा पीठ मळून बघितलं, पण तिथला लाटण्याचा ओटा तोकडा, तवा लहान. जाड, फाटक्या पोळ्या झाल्या. लव्हॉनने लोणी साखर लावून दोन खाल्ल्या आणि आईची आठवण काढली नाही.

जानेवारीत वर्लिन कार्डाचा हिशेब बघत बसला होता. एकाएकी त्याने टेबलावर हात आपटला. बॅग उशिरा आली म्हणून विमान कंपनीने भाडं आपणहून परत केलं होतं. ते बघून बँकेने आपले चाळीस डॉलर काढून घेतले होते. वर्ष तर संपलेलं, ते दुसऱ्या कशावर वापरायचीही सोय नव्हती. त्याने बँकेला फोन लावला, तासभर वाट बघायला लावणारं ते संगीत ऐकलं, आणि शेवटी नियम ऐकून फोन ठेवला.

"लुबाडतात हे," तो म्हणाला. "चाळीस डॉलर गेले."

"कुठे गेले? भाडं त्यांनी दिलं परत. तुझ्या खिशातून एक सेंट गेलेला नाही."

"मिळायचे ते गेले ना."

आर्डिस भांडी पुसत होती. तिने फडकं खाली ठेवलं. "माझे दोन दिवस गेले, वर्लिन. बहिणीचा नाताळ गेला. ते कुठल्या बँकेकडे मागू?"

तो हळूच म्हणाला, की पुढल्या वेळी डबा हातात ठेवू. तिला तेवढं पुरलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः बँकेला फोन करून हे कार्ड बंद करा म्हणून सांगितलं. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलला: कार्ड वर्लिनच्या नावावर आहे, त्यांनाच बोलावं लागेल. तिने वर्लिनकडे फोन धरला. वर्लिनने तो घेतला, आणि यंदासाठी विमान कंपनी कशी बदलायची ते विचारलं.

फेब्रुवारीत आर्डिस एकटीच फिनिक्सला गेली, दुसऱ्याच कंपनीच्या विमानाने, स्वतःच्या पेन्शनमधून तिकीट काढून. विमानतळापर्यंत वर्लिननेच गाडी चालवली. त्या कंपनीवर आपल्याला काहीच परत मिळत नाही, हे त्याने वाटेत तिला दोनदा सांगितलं. तिने काच खाली केली आणि गार वारा आत येऊ दिला.