ओढ्यापलीकडचं शेवटचं घर

पेत्रेआला नसत्या चौकशांची भारी हौस. साठी उलटली, गुडघे कुरकुरतात, तरी बोलीभाषांची नोंद ठेवणाऱ्या कोपनहेगनच्या कचेरीतून प्रश्नांचा कागद आला, की बाई सायकल काढून निघालीच!

यंदाचा प्रश्न तर खासच होता. घर म्हणजे कुठलंही नव्हे, ते ओळखीचं घर, हे सांगायला राजधानीचे लोक शब्दाला मागून शेपूट जोडतात: 'हूस' म्हणजे घर, त्याचं 'हूसेत'. आपल्या पश्चिम युटलंडात शेपूटबिपूट नाही. पुढे नुसता 'ॲ' ठेवायचा, 'ॲ हूस', झालं! तर हा 'ॲ' कुठल्या घरापाशी संपतो आणि शेपूट कुठून सुरू होतं, ते कचेरीला हवं होतं.

पाच दिवसांत पेत्रेआनं गाव पालथा घातला. उरलं एकच घर, ओढ्यापलीकडचं. ते धाकट्या बहिणीचं, आबेलोनेचं. आई 'ॲ'वाली, नवरा शेपूटवाला. पस्तीस वर्षांच्या संसारानंतर हिच्या तोंडून आता काय येत असेल? पेत्रेआला चैन पडेना. पण आईच्या तांब्याच्या किटलीवरून दोघींचं बोलणं अकरा वर्षं बंद होतं.

फाटकातूनच विचारून परत फिरली असती. पण कचेरीची सक्त ताकीद होती: थेट विचारायचं नाही. विचारलं की माणसं शाळेतलं बोलू लागतात. निवांत बसायचं, इकडचं तिकडचं बोलायचं आणि कान उघडे ठेवायचे. आली का पंचाईत!

तीनदा पुलावरून माघारी वळली. चौथ्यांदा तिनं दार वाजवलं.

आबेलोनेनं दार उघडलं आणि तिचा चेहराच उतरला. "कोण गेलं?"

"कुणी नाही गं. कॉफी देशील?"

"कशात करू? किटली तर तू लाटलीस."

"तिला भोक पडलंय. सहा वर्षं फळीवर पडून आहे."

आबेलोने बघतच राहिली. मग अशी हसत सुटली की दाराची चौकट धरावी लागली. "भोक! अगं, भोकाच्या किटलीपायी अकरा वर्षं!" हसता हसता दोघीही रडल्या. मग कॉफी झाली, गोड पाव झाले, पुन्हा कॉफी झाली.

संध्याकाळी घरी येऊन पेत्रेआनं कागद पुढे ओढला. आबेलोने काय म्हणत होती? पुढे 'ॲ' की मागे शेपूट? तिची दुखरी कंबर आठवली, आईची तिनं केलेली नक्कल आठवली, गाभण गायीचं नावसुद्धा आठवलं. ते तेवढं आठवेना.

शेवटी तिनं लिहिलं, "ओढ्यापलीकडचं शेवटचं घर: माहिती अपुरी. उद्या पुन्हा जाणे आहे." आणि फळीवरची किटली उतरवून सायकलच्या टोपलीत ठेवली.