पिस्ता की मिंट

धुळ्याच्या स्टँडवर मला जळगावच्या एसटीत बसवून आबा, माझे वडील, खिडकीपाशी आले आणि एवढंच बोलले, "तुनी खोली तुनीच राही." भाऊ आलाच नाही. लग्न न करता पाइपच्या कारखान्यात नोकरीला निघालेली बहीण त्याला चारचौघांत दाखवायची नव्हती.

जळगाव काही परदेश नाही. पण तेवढ्या अंतरातही माणूस परका होतो. इथं ऑफिसात 'आहे'ऐवजी माझ्या तोंडी येणाऱ्या अहिराणी 'शे'ला हसले, म्हणून मी तो गिळला. गावी गेले की "मोठी मॅडम व्हई गयी" असा टोमणा ठरलेला. आबा होते तोवर दिवाळीला माझ्या खोलीत गादी घातलेली असायची. ते गेले आणि तिथं कांद्याच्या गोण्या आल्या. तरी मी गोण्या सरकवून तिथंच झोपत आले.

गेल्या आठवड्यात भावाचा व्हिडिओ कॉल आला. पुतण्याचं लग्न ठरलंय, घराला रंग चाललाय. माझ्या खोलीच्या भिंतीवर पेंटरने दोन हिरवे पट्टे ओढलेले.

"खोली तुनी शे, रंग तूच सांग. पिस्ता का मिंट?"

मी मूर्खासारखी हरखले. चष्मा पुसून, फोन डोळ्यांशी नेऊन दोन्ही पट्टे पाहिले. पिस्ता म्हटलं.

"मंग झायं! सूनबाईले बी पिस्ताच पसंत शे. पिस्ताना डबा तर कालच लयेल शे."

"आणि मी कुठं झोपायचं?"

"पाव्हनास्नी सोय हॉलमा करेल शे. तुनी बी तठेच."

पाहुणी! माझं डोकंच फिरलं. फुई, म्हणजे नवरदेवाची आत्या, रुसली तर मांडवात बोलणी होतात, म्हणून रंग विचारून तोंडाला पानं पुसली. खोली केव्हाच नव्या जोडप्याला देऊन झाली होती. रागाने मी फोन कट केला.

माझ्यासारख्या गाव सोडलेल्यांनो, 'आता तुमचं इकडे काय उरलं' असं कोणी म्हणालं तर समजूतदारपणे मान डोलावू नका. मी फार वर्षं डोलावली. घर म्हणजे जिथं आपण कोणाला नको असलो तरी आपला हक्क असतो, एवढंच मला आता कळतं.

आणि भाऊ, हे तुझ्यासाठी. हळदीच्या आदल्या दिवशी येतेय, माझी गादी घेऊन. पिस्ता लाव नाहीतर मिंट, त्या खोलीत मी झोपणार. नवरानवरीची सोय हॉलमध्ये कर.