आमचं गाव नापास व्हावं म्हणून

आमच्या गावात इंटरनेट पोचलेलं आहे, ही गोष्ट आम्ही सोडून सगळ्यांना माहीत होती. मला ती तालुक्याच्या एका कचेरीत कळली. गावात नेट येत नाही अशी तक्रार घेऊन मी जाफराबादला गेलो होतो. तिथल्या साहेबांनी माझं बोलणं अर्ध्यावर तोडून संगणकावर नकाशा उघडला, मोठा करत करत आमच्या गावापर्यंत आणला आणि स्क्रीनवर पेनाचं टोपण टेकवून म्हणाले, "हे बघा. हिरवं आहे."

"हिरवं म्हणजे?"

"म्हणजे सेवा पोचलेली. लाल असतं तर पोचलेली नसती."

"पण साहेब, येत नाही ना."

"नकाशात येतंय," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. रिपोर्ट नॉर्मल आलाय हे सांगताना डॉक्टरचा आवाज असतो तसा, उलट दिलासा देणारा होता.

मी पुण्यात पुस्तकांची मुद्रितं तपासायचं काम करत होतो. ते घरून करायची मुभा मिळाली, तेव्हा एका खोलीत कुजण्यापेक्षा आई-वडिलांजवळ राहावं म्हणून गावी आलो. आल्यावर लक्षात आलं की घर आहे, घरून करायचं कामही आहे, फक्त एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

गावामागे बिरोबाची टेकडी आहे. तिच्या माथ्यावर देवळाच्या ओट्यावर भोकरदनकडे तोंड करून बसलं की मोबाईलमध्ये सगळ्या काड्या उभ्या राहतात. त्यामुळे माझं ऑफिस बिरोबासमोर भरायचं. एकट्याचं नव्हे. सरकारनं घरोघरी संडास बांधून दिले आणि पहाटे डबा घेऊन माळावर जायची पुरुषांची सवय मोठ्या कष्टानं मोडली होती, ती रेंजनं परत लावली. डब्याच्या जागी मोबाईल, एवढाच फरक. बसण्याची पद्धतसुद्धा तीच. नव्या सुना संध्याकाळी देवाला दिवा लावायला जायच्या. गावात एवढी भक्ती मी लहानपणी पाहिलेली नव्हती. एक दिवा लावायला तासभर लागायचा, आणि दिवा लावून आलेल्या सुनेला माहेरच्या म्हशीला काय झालं तेही कळलेलं असायचं.

गाव हिरवं कसं झालं ते साहेबांनी मला समजावून सांगितलं. आपले टॉवर कुठे आहेत आणि त्यांची रेंज कुठवर जाते हे कंपन्याच सरकारला कळवतात. त्यावरून नकाशावर रंग भरला जातो. तो रंग गावाच्या शिवाराला कुठेही लागला, की गावाला सेवा आहे. आमच्या शिवाराला तो टेकडीच्या माथ्यावर लागला होता. शिवाय ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फायबरची एक पेटी बसवलेली होती. रस्त्याच्या कामात जेसीबीनं तिची तार तोडल्यापासून शिपाई तिच्यावर टोपी टांगायचा. पण पेटी बसवल्याची नोंद होती आणि तार तुटल्याची नव्हती.

घरी येऊन मी हे दादांना सांगितलं. दादा म्हणजे माझे वडील आणि गावचे सरपंच. त्यांनी उभा जन्म एसटी चालवली आणि निवृत्त झाल्यावर गाव चालवायला घेतलं. दोन्हीकडे पद्धत एकच: हॉर्न जोरात वाजवायचा आणि कुणी हात केला की थांबायचं.

"हिरवं म्हंजी चांगलंच की," दादा म्हणाले.

"चांगलं नाही. लाल पाहिजे. लाल असलं तर नव्या योजनेतून टॉवर मिळतो."

"म्हंजी नापास झाल्याबिगर काय मिळत न्हाई?"

"नाही."

"हे आधी सांगितलं असतं तर तुला शाळेत येवढा मारला नसता," दादा म्हणाले आणि मी लिहून आणलेल्या मोजणीच्या अर्जावर सही केली.

बरेच महिने काहीच झालं नाही. मग एका सकाळी ओट्यावर काम करत असताना फोन आला: प्रत्यक्ष मोजणी करायला माणूस येतोय. गावात ठिकठिकाणी फोन लावून बघणार, गती मोजणार. आकडा कमी भरला तर गाव लाल. मी उड्या मारत खाली आलो आणि दादांना बजावलं, "आपण काहीही करायचं नाही. जे आहे ते दिसू द्यायचं."

"जे हाय ते म्हंजी?"

"म्हणजे काही येत नाही, ते."

"पाव्हणं दारात येणार आन आपण त्याला दाखवायचं की आमच्याकडं कायबी न्हाई?"

"हो. तेच दाखवायचंय."

भर पंगतीत धोतर सोडून उभं राहायला सांगितल्यासारखं दादांनी माझ्याकडे बघितलं.

जालन्याहून एक तरुण इंजिनियर मुलगी आली. गाडीच्या मागच्या सीटवर एक पेटी होती, पेटीत वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन. फोन आपोआप मोजतात, कुठे मोजलं तेही आपोआप नोंदवतात, त्यात आपल्याला काही खालीवर करता येत नाही, असं तिनं आल्याआल्याच सांगितलं. दादांनी तिला मॅडम म्हणून सुरुवात केली. ग्रामपंचायतीत पोचेपर्यंत ती ताई झाली होती आणि शाळेपर्यंत पोरगी.

ग्रामपंचायतीत काही आलं नाही. तिनं भिंतीवरच्या पेटीकडे बघितलं, शिपायानं घाईनं टोपी काढली. शाळेतही काही आलं नाही. स्क्रीनवर चाक गरगर फिरत राहिलं आणि मी ते डोळे भरून बघत राहिलो. पोरगं सगळ्या विषयांत नापास होतंय आणि बापाला आनंदाचं भरतं आलंय, असली माझी अवस्था होती.

"अजून एक जागा घेते आणि संपलं," ती म्हणाली.

"आधी जेवण," दादा म्हणाले. "जेवल्याबिगर आमच्या गावातून कुणी गेलं न्हाई."

इथवर ठीक होतं. जेवण घरी आहे असंच मी धरून चाललो होतो. मायनं पहाटेपासून गोवऱ्यांवर बट्ट्या भाजल्या होत्या, वरण केलं होतं, वांग्याची भाजी केली होती. पण गाडी घराकडे वळेना.

"दादा, कुठं?"

"घरात लई उकडून राह्यलं. वर वारं हाय, लिंबाची सावली हाय. सैपाक मघाच वर धाडला."

मी मागच्या सीटवरून त्यांच्या खांद्याला चिमटा काढला. त्यांनी खांदा झटकला. गाडी टेकडी चढली. पेटी गाडीत होती आणि पेटीतले फोन चालूच होते.

बट्टी तुपात चुरून झाली, दुसरी वाढून झाली, आणि मुलीचा स्वतःचा मोबाईल खिशात टिंगटिंग वाजायला लागला. सकाळपासूनचे सगळे निरोप एकदम आले. "अरे, इथे तर फुल रेंज आहे!" ती म्हणाली.

"मंग!" दादा फुलून म्हणाले. "आमचं गाव म्हंजी तुम्हाला काय अगदीच रानटी वाटलं का?" तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी संभाजीनगरला माझ्या आत्याला व्हिडिओ कॉल लावला. "आक्का, हे बघ. सरकारची मॅडम आपल्याकडं जेवून राह्यली. दिसून राह्यलं का बराबर?"

आत्याला बराबर दिसत होतं. इतकं स्वच्छ चित्र आमच्या खानदानात पूर्वी कुणी कुणाला दाखवलं नव्हतं.

मुलगी हात धुऊन गाडीकडे गेली, पेटीत डोकावली आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिनं मला विचारलं, "सर, ही जागा गावाच्या हद्दीत येते का?"

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाले, "बिलकुल येते. शेजारचं गाव म्हन्तं देऊळ आमचं. त्यांना म्हणावं सात-बारा काढा. मी काढलाय."

आमचं गाव 'अंशतः सेवा उपलब्ध' ठरलं. अंशतः म्हणजे हिरवंच, जरा फिकं. आणि फिक्या हिरव्याला टॉवर नव्हता.

मी दादांशी बोलणं टाकलं. एका घरात राहून बापाशी न बोलणं अवघड काम आहे, कारण मधे माय असते. ती मला म्हणाली, "तुह्या बापानं जन्मभर हात केल्या जागी गाडी उभी केली. त्याला तू म्हन्तो पाव्हण्याला पाहून थांबू नको. कसं जमंल?" मग दादांकडे वळून, "आन तुमी. पोरगी कशापायी आली तेवढं तरी ध्यानात ठेवायचं व्हतं. वरण-बट्टी खायला का आल्ती ती?"

दुसऱ्या दिवशी पांढरे कपडे घालून दादा जीपच्या फाट्यावर जाऊन उभे राहिले. मी न बोलता शेजारी उभा राहिलो.

कचेरीत साहेबांनी पुन्हा नकाशा उघडायला घेतला. दादा म्हणाले, "ते राहू द्या. टेकडीवर कोण राहतं, ते सांगा."

"कोण राहतं?"

"बिरोबा. त्याला मोबाईल न्हाई, त्यानं मागितला बी न्हाई. माणसं खाली राहत्यात. तुमी देवाची रेंज मोजली आन आमच्या नावावर लावली."

"नियमात हद्द आहे, सरपंच. घर नाही."

"मी बस चालवली साहेब. फाट्यावर बस थांबली म्हणून गावात बस आली असं होत न्हाई. फाट्यापून पुढं माणूस पायीच चालतो."

साहेब हसले, पण नकाशा काही बदलला नाही. ते म्हणाले, ग्रामसभेचा ठराव जोडून हरकत घ्या. ग्रामसभा झाली. 'टेकडीवर एकही मतदार राहत नाही' असा ठराव मंजूर झाला. एका म्हाताऱ्यानं, म्हणजे देव मतदार न्हाई असं लिहून द्यायचं का, अशी शंका काढली, तिच्यावर बराच वेळ गेला. हरकत ऑनलाइनच दाखल करायची होती. गावात नेट येत नाही ही हरकत मी टेकडीवर जाऊन नेटवरून पाठवली. ती क्षणात गेली. इतकी झटकन गेली की मला धडकी भरली, कुठून आली हेही तिकडे दिसत असेल तर?

दिसलं नसावं. दुसरी मोजणी लागली आणि या वेळी लोक राहतात तिथेच मोजायचं ठरलं. तीच मुलगी आली. ती घरोघरी पेटी घेऊन फिरत होती आणि दादा तिच्यामागून हात बांधून, ओठ आवळून चालत होते. एवढं सोवळं त्यांनी कधी पाळलं नव्हतं. चहासुद्धा विचारत नव्हते. मुलीला वाटलं मागच्या वेळचा राग आहे. शेवटच्या घरात चाक फिरून फिरून थांबलं, तेव्हा दादा म्हणाले, "झालं? पेटी बंद केली? झाकण बराबर लावलं?"

"लावलं, काका."

"मंग जल्दी चला. सैपाक निवून राह्यला."

यादी लागली आणि गाव लाल झालं. दादांनी पेढे वाटले. नापास झाल्याचे पेढे आहेत हे पटवून देताना त्यांची पुरेवाट झाली. काहींना शेवटपर्यंत वाटत राहिलं की सरपंचाच्या पोराचं पुण्यात कुठेतरी जमलं. पुढे शाळेमागे टॉवर उभा राहिला, मग विजेची वाट बघत उभाच राहिला, आणि एके दिवशी चालू झाला. मी घरात खाटेवर बसून काम करायला लागलो. दादा दिवसभर घाटातल्या बसगाड्यांचे व्हिडिओ बघत अनोळखी ड्रायव्हरांना शिव्या घालू लागले. गावातल्या सुना मात्र खूश नव्हत्या. माहेरी काय बोलायचं ते आता सासूच्या देखत बोलावं लागत होतं.

मग एका दुपारी टेकडीपलीकडच्या वस्तीवरच्या एक बाई दादांकडे आल्या. वस्ती मेंढपाळांची आहे, ग्रामपंचायत आमचीच. बाई ओसरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "सरपंच, तुमच्या टॉवरचं आमच्याकडं कायबी येत न्हाई. मधी टेकडी आडवी हाय."

दादांचे डोळे व्हिडिओतच होते. "येवढं चढून वर येत जा की. आम्ही बी चढलो."

"माही सून बाळंतपणाला टेकलीय," बाई म्हणाल्या. "पोटात दुखाया लागलं तर टेकडी चढून गाडी बोलवू का?"

दादांनी मोबाईल पालथा ठेवला. मायनं आतून पाणी आणून बाईंच्या हातात दिलं आणि दादांकडे बघत तिथेच उभी राहिली.

"नकाशा काढ रे," दादा मला म्हणाले.

आता तो घरातच उघडत होता. आमचं गाव पुन्हा हिरवं झालेलं होतं, या वेळी अगदी गर्द. टेकडीच्या अलीकडेही हिरवं, पलीकडेही हिरवं.

"यांची घरं कुठंयत?" दादांनी विचारलं.

"घरं दाखवलेलीच नाहीत. वस्ती आपल्या गावात धरलीय."

बाई उठून जवळ आल्या. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "टेकडी ही का?"

"हो."

"मंग आमी हितं," त्या म्हणाल्या. "हितं लाल करा."

मला ते करता येणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं जीपनं जाफराबादला गेलो. साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांनी आमचं गाव शोधून काढलं आणि म्हणाले, "पण तुम्हाला तर आत्ताच टॉवर दिलाय." दादांनी खुर्ची ओढली, बाईंना बसायला दिली, आणि त्या बोलायला लागल्या.

सून सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. वस्तीची हरकत अजून विचाराधीन आहे.